लाईन थांबवून येते

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

शाहीन मॅडम म्हणाल्या, रोज काय शिकलीस आणि कुठं अडलीस ते वहीत लिहायचं. मी म्हटलं, मॅडम, अडलेलं लिहायला बसले तर वही पुरायची नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणून कंपनीची गेल्या वर्षीची कोरी डायरी काढलीय. तारखा खोडून लिहितेय.

काळेवाडीत इम्तियाजभाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्यावरच्या खोलीत त्यांची बहीण शाहीन मॅडम मोबाईलची ॲप बनवायला शिकवायचा क्लास घेतात. दर गुरुवारी, कारण गुरुवारी आमच्या कंपन्यांना सुट्टी. बाकी सगळी पोरं विशी-बाविशीची. दिव्या नावाची एक चिमुरडी मला म्हणते, "काकू, तुम्ही मुलाला सोडायला आलात का?" म्हटलं, नाही बाई, स्वतःलाच सोडायला आलेय.

का आले ते लिहून ठेवते, नाहीतर पुढं कंटाळा आला की मीच विसरेन. दिवाळीनंतर आबांना, माझ्या वडिलांना, लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. 'बा' आणि 'हा' एवढंच येतं. समजतं मात्र सगळं. मी सकाळी सहाला चिखलीतून कंपनीच्या बसनं चाकणला जाते, साडेचारला परत. दुपारी बारानंतर शेजारच्या गुलशनभाभी एकदा डोकावतात. बाकी दिवसभर आबा एकटे. फोन लावता येतो त्यांना, पण मला नुसतं 'बा, बा' ऐकू येतं. पाणी हवंय की जीव चाललाय, काही कळत नाही.

गावाकडून जयसिंगचा, माझ्या धाकट्या भावाचा, सारखा फोन. "आक्का, आबाला हिकडं आणून घाल की. तिथं कोण हाय बघायला?" म्हटलं, मला पाडव्यापर्यंत वेळ दे. मी असं काहीतरी करते की आबांनी बोट लावलं की मला चाकणमध्ये कळलं पाहिजे. नाही जमलं तर घेऊन जा.

तो घेऊन गेला तर काय होईल ते मला माहिती आहे. या दोन खोल्यांत मी एकटी उरेन. सोळा वर्षांपूर्वी सासर सोडून आले तेव्हा आबांनी एक शब्द विचारला नाही. कॉटवर स्वतःशेजारी हात थोपटला, बस म्हणाले. झालं. तेव्हापासून आम्ही दोघंच.

गुरुवार, १६ जानेवारी

आज क्लास आणि ऑब्जेक्ट. पोरांना काही कळेना. मॅडम घराच्या नकाशाचं उदाहरण देत होत्या. मी म्हटलं, मॅडम, हे आमच्याकडं रोज चालतं. आम्ही गाड्यांच्या वायरिंग बनवतो. भिंतीवर एक ड्रॉइंग असतं, तो क्लास. त्याच्यावरून दिवसाला चारशे वायरिंग निघतात, ते ऑब्जेक्ट. ड्रॉइंग एकच, पण प्रत्येक वायरिंगचा नंबर वेगळा, खोडी वेगळी.

मॅडम म्हणाल्या, "विजयश्री, आता तूच शिकव." एक्केचाळीसाव्या वर्षी वर्गात शाबासकी मिळाली. दिव्यानं काकूवरून ताईवर बढती दिली.

पहिला क्लास लिहिला, 'माणूस'. त्यात नाव, वय आणि अवस्था. मग ज्योतीराम नावाचा एक माणूस तयार केला. वय ७१. पडद्यावर आबांचं नाव उमटलं तेव्हा उगाचच डोळे भरले. वेडेपणा सगळा.

मंगळवार, २१ जानेवारी

आज डोकं फिरलंय. आमच्या लाईनवर प्रत्येक टेबलावर तीन रंगांचा दिवा असतो. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे जमेल तेव्हा या. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, आणि लाल लागला की अख्खी लाईन थांबते. भोंगा वाजतो, वरून साहेब खाली येतात, कुणाच्या टेबलावर लागला ते विचारतात. बोर्डावर लिहिलेलं असतं, लाल न लागता किती दिवस गेले. मी लाईन लीडर, माझ्या लाईनचे त्रेपन्न दिवस झाले होते. त्रेपन्न!

आम्रपालीनं आज लाल ओढला. कनेक्टर उलटा आला होता, म्हणजे तिचं बरोबरच होतं. पण मी सगळ्यांदेखत तिला झापलं. आधी मला हाक मारायची ना गं? एवढा काय जीव चालला होता? तिचं तोंड एवढंसं झालं. बोर्डावरचा आकडा शून्य झाला.

घरी येऊन आबांना सांगितलं. अर्ध्या तोंडानं हसले आणि अंगठा वर केला. ते एकतीस वर्षं कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होते, त्यांच्यामुळं कधी एकदाही लाईन थांबली नाही. डाव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली त्या दिवशीसुद्धा हाताला फडकं गुंडाळलं, शेजारच्याला मशीनवर उभं केलं, आणि मग चालत दवाखान्यात गेले. लहानपणी ही गोष्ट मी शाळेत सगळ्यांना सांगायचे. अशी माणसं आता बघायला मिळत नाहीत.

आणि सांगता सांगताच सुचलं. नवीन काही शिकवायचं कशाला? आबांना येतं तेच द्यायचं. फोनवर तीन दिवे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आजचा धडा: ऑब्जेक्टच्या आतलं आत. बाहेरच्यानं थेट हात घालून बदलायचं नाही, बघायचंही नाही. त्यानं जेवढे दरवाजे ठेवलेत तेवढ्यातूनच विचारायचं. मला पटलं. आबांच्या आत काय चाललंय ते मला तीन बटणांतून कळणार. पुरे की.

मॅडमनी जोडणी समजावली. मधे इंटरनेटवर एक फळा. आबांचा फोन त्यावर रंग लिहिणार, माझा फोन वाचणार. नवा रंग आला की जुना पुसला जातो. लाल असेपर्यंत माझा फोन वाजत राहणार, बदलला की गप्प.

तीन तास एका चुकीपायी गेले. कंस कुठंतरी उघडा राहिला होता. मेला दिसेना! शेवटी दिव्यानं बोट ठेवलं. तिला वडापाव खाऊ घातला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

चाललं! चाललं! चाललं!

आबांच्या फोनवर घातलं. बटणं एवढी मोठी केलीत की पडदाभर तीनच मावतात, कारण आबांच्या डाव्या हाताला अंगठा आणि दोन बोटंच आहेत. मी स्वयंपाकघरात फोन घेऊन उभी राहिले, आबांनी बाहेर कॉटवरून लाल दाबला, माझ्या हातात फोन कोकलला. मी तिथंच नाचले.

पण बाहेर आले तर आबा फोनकडं बघत बसलेले, तोंड पडलेलं. त्यांच्या बाजूला काहीच झालं नव्हतं ना. दाबलं ते पोचलं का, माणूस येतंय का, कसं कळावं? म्हणून लगेच दुपारी माझा आवाज भरला. लाल दाबला की त्यांचा फोन माझ्या आवाजात बोलतो, "आबा, घाबरू नका. लाईन थांबवून येते मी." त्यांनी ऐकलं आणि माझ्याकडं बघत राहिले. म्हटलं, आता आली ना खात्री? तुमच्यासाठी लाईनसुद्धा थांबवीन.

मॅडमना फोनवर सांगितलं. शाबास म्हणाल्या, मग त्यांची नेहमीची टकळी, "दाबणाऱ्याच्या जागी बसून चालवून बघ. त्याच्या हातानं, त्याच्या कानानं. बनवणाऱ्याला आपली चूक दिसत नाही." म्हटलं, मॅडम, शंभर वेळा चालवलंय. खोटं नाही, माझ्या फोनवर शंभर वेळा चालवलंयच.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

लाईनवर फोन चालत नाही. मालोजी साहेब आमचे सुपरवायझर, त्यांच्या हातापाया पडले. ते म्हणाले, माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवा, वाजला तर हाक मारतो. चहाच्या सुट्टीला बघितलं, हिरवा. जेवणाच्या सुट्टीला बघितलं, हिरवा. आबा दर तास-दोन तासांनी हिरवा दाबतात, वेळ दिसते शेजारी. सव्वा अकराचा हिरवा बघून पोळी गोड लागली.

शुक्रवार, ७ मार्च

आज सकाळी दहाला लाल लागला.

मालोजी साहेब ओरडत आले, मॅडम, फोन! माझ्या जागी उभं राहायला कुणी नव्हतं. दिवा लाल केला, भोंगा वाजला, पंचेचाळीस दिवसांचा आकडा गेला, आणि मी धावत सुटले. मोशीत रस्ता तुंबलेला. रिक्षावाल्याला शिव्या घातल्या. सव्वा तास. सव्वा तास मी काय काय डोळ्यांपुढं बघितलं ते लिहिणार नाही.

दार उघडलं तर आबा कॉटवर नीट बसलेले. दाढी केलेली, शर्ट बदललेला. मला बघून तोंड फुललं. मी विचारलं, काय झालं? छातीत दुखतंय? पडलात? मान हलवून नाही म्हणाले. कॉटवर शेजारी हात थोपटायला लागले. पुन्हा पुन्हा तेच. मी चादर बघितली, डाग नाही काही नाही. तरी काढली, दुसरी घातली. परत थोपटतायत!

मग माझा तोल गेला. म्हटलं, आबा, लाल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला पाहिजे का? एकतीस वर्षं काढलीत ना कंपनीत? तुमच्या चादरीपायी चाळीस बायकांची लाईन थांबवून आले मी. उद्या कामावरून काढलं तर?

त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला. खाली बघत बसले.

संध्याकाळी मीच वरण-भात कालवून भरवला. जास्त बोलले मी. पण एकदा कळायला पाहिजे होतं त्यांना, नाहीतर रोजचंच झालं असतं.

गुरुवार, १३ मार्च

होळी. पुरण टाकून क्लासला गेले. मॅडमचा रोजा, तरी तीन तास उभ्या राहून शिकवलं. आज वारसा. वरच्या क्लासकडं जे असतं ते खालच्याला न लिहिता मिळतं, पुन्हा शिकवावं लागत नाही. दिव्या म्हणाली, ताई, तुम्हाला वडिलांकडून काय मिळालं? म्हटलं, नाक आणि हट्ट.

मॅडमनी माझं काम तपासलं. "मागची यादी कुठंय? दिवसभरात काय काय दाबलं ते राहायला हवं." म्हटलं, आत्ताचं कळलं की झालं ना. त्यांनी कपाळाला हात लावला आणि स्वतःच चार ओळी लिहून दिल्या. आता आबांच्या फोनमध्ये यादी साठत राहील. घरी येऊन नवं ॲप घातलं. यादी बघायला अजून पडदा केलेला नाही, सवडीनं करीन.

त्या चादरीच्या दिवसापासून लाल नाही, पिवळाही नाही. हिरवा, हिरवा, हिरवा. बरोबर शिकले आबा.

बुधवार, २६ मार्च

जयसिंग दोन दिवस येऊन गेला. मी त्याला कंपनीतून परत आल्यावर माझ्या फोनवरचा हिरवा आणि त्याची वेळ दाखवली. बराच वेळ फोन उलटासुलटा करून बघितला त्यानं. म्हणाला, "आक्का, तू तर इंजिनेर झालीस की." आबा इथंच राहणार. मी जिंकले!

जाताना मात्र म्हणाला, आबा वाळलेत गं. मला रोज बघून कळत नसेल. गुलशनभाभीही कुरकुरत होत्या. "विजू, चाचा पाणीच पीत नाहीत गं. तांब्या सकाळी भरला तसाच. माझा रोजा आहे, त्यांचा कशाला?" आबांना विचारलं तर मान फिरवली. हट्टी म्हातारा. पाणी प्यायलं तर उठावं लागतं, उठायचा कंटाळा, दुसरं काय.

सोमवार, ३१ मार्च

काल पाडवा, आज ईद. आबांनी काल गुढीला डाव्या हातानं फूल वाहिलं, आज भाभींनी पहाटेच आणलेला शिरखुर्मा दोन वाट्या खाल्ला. मिशांना लागलेला पुसून दिला तर माझा हात धरून ठेवला. मला बसची घाई होती. म्हटलं, आबा, सोडा, आल्यावर बसू.

आल्यावर कपडे धुवायचे होते.

गुरुवार, १७ एप्रिल

आबा गेले. शुक्रवारी, चार तारखेला. काल तेरावं झालं.

मॅडम म्हणाल्या होत्या अडलीस ते लिही. मी इथं अडलेय.

त्या दिवशी साडेअकराला जेवणाची सुट्टी झाली. मालोजी साहेब म्हणाले, "मॅडम, मघाशी फोन जरासा वाजला आणि गप्प झाला. मी हाक मारायला उठेपर्यंत बंद." मी ट्रेमधून उचलून बघितला. हिरवा. अकरा वाजून आठ मिनिटं. म्हटलं, चुकून लागलं असेल. मी जेवायला बसले. आम्रपालीनं शेंगदाण्याची चटणी दिली, ती मागून घेतली अजून थोडी. सव्वाबाराला गुलशनभाभींचा फोन आला. त्या नुसत्या "विजू, विजू" करत होत्या.

डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, त्याला तास-दीड तास तरी झाला असेल. म्हणजे मी चटणी मागत होते तेव्हा.

चौदा दिवस एकच विचार डोक्यात. माझ्या ॲपमध्ये चूक आहे. लाल लागला होता आणि कुठूनतरी आपोआप हिरवा झाला. कुठला तरी कंस उघडा राहिला. मी अर्धवट शिकले आणि बापाचा जीव त्याच्यावर टांगला. जयसिंगकडं पाठवलं असतं तर माणसं होती तिथं. मीच ठेवून घेतलं त्यांना, माझ्यासाठी.

गुरुवार, २४ एप्रिल

आबांचा फोन आणि माझं सगळं काम घेऊन काळेवाडीला गेले. म्हटलं, मॅडम, कुठं चुकलं ते दाखवा, मला शिक्षा म्हणून तरी कळू दे. त्यांनी वर्गाला सुट्टी दिली. एकेक ओळ वाचली. दोन तास लागले. मग म्हणाल्या, "चूक नाही यात. आपोआप हिरवा होऊच शकत नाही. कुणीतरी दाबल्याशिवाय नाही."

मग त्यांनी यादी उघडली. मी केला नव्हता तो पडदा त्यांनी तिथल्या तिथं केला. सगळे हिरवे, आणि मधेमधे हे:

१८ मार्च, दुपारी ०१:४०:०५ लाल. ०१:४०:१३ हिरवा.
२९ मार्च, सकाळी १०:२२:३१ लाल. १०:२२:३९ हिरवा.
४ एप्रिल, सकाळी ११:०८:१४ लाल. ११:०८:२१ हिरवा.

मॅडम हळूच म्हणाल्या, "हात थरथरत असेल गं. चुकून लागलं असेल." इम्तियाजभाई खालून चहा घेऊन आले आणि ठेवून गेले. मी म्हटलं, चुकून तीनदा? आणि तीनदा सात-आठ सेकंदांनी?

घरी आले. त्यांची कॉट अजून हलवलेली नाही. भिंतीकडची जागा त्यांची, तिथं बसले. तेव्हा बाजूची रिकामी जागा दिसली, ते थोपटत होते ती. सोळा वर्षांपूर्वी याच हातानं इथंच थोपटलं होतं, बस म्हणून. आणि मी चादर बदलली. आबा, मी चादर बदलली हो.

खूप रडले. गुलशनभाभी येऊन पाठीवरून हात फिरवून गेल्या.

मग मॅडमचं राहिलेलं काम केलं. दाबणाऱ्याच्या जागी बसून. उजवा हात मांडीखाली घातला, डाव्या हाताची दोन बोटं दुमडली, त्यांचा फोन घेतला आणि लाल दाबला. पर्समध्ये माझा फोन कोकलायला लागला. आणि त्यांच्या फोनमधून मी बोलले.

"आबा, घाबरू नका. लाईन थांबवून येते मी."

माझाच आवाज, मायेनं भरलेला. पण कॉटवरून ऐकू आलं ते एवढंच. माझ्यामुळं लाईन थांबणार. भोंगा वाजणार, साहेब खाली येणार, चाळीस बायका हात बांधून उभ्या राहणार, बोर्डावर शून्य लागणार, तेही माझ्यापायी. एवढा काय जीव चालला होता? विचार करायच्या आतच अंगठा हिरव्यावर गेला.

यादी उघडून बघितली. आबांना सात सेकंद लागले होते. मला सहा.